ओढ्यातला खेकडा आणि आपला मोरचूद

खेकड्याविषयी चांगले बोलणारा शेतकरी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. बांध पोखरणारा, भाताची कोवळी रोपे कातरणारा, पाटाचे पाणी भलतीकडे घालविणारा, एवढीच त्याची आपल्यात ख्याती. आणि ह्या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. लोकापवाद तर ह्याच्याही पुढे गेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून माणसे वाहून गेली, तेव्हा राज्याच्या तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण जाहीरपणे सांगितले होते. त्या कारणाची पुढे पुष्कळ थट्टा झाली, ती वाचकांस आठवत असेलच. असो. ज्यास आपण इतके दिवस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्यासच आज साक्षीदार म्हणून बोलावण्याची आमची इच्छा आहे. साक्ष आपल्या पाण्याविषयी आहे, आणि ती ऐकताना काही ठिकाणी मान खाली घालावी लागेल, हे आरंभीच सांगून ठेवतो.

मृगाचा पाऊस पडून ओढ्यास पहिले गढूळ पाणी आले म्हणजे रात्री कंदील घेऊन खेकडे धरावयास जाणे, हा आमच्या पिढीचा बाळपणीचा नेम होता. कोकणात त्यांस मुठे म्हणोत की कुर्ल्या म्हणोत, घाटावर खेकडेच म्हणोत, पहिल्या पावसाचे कालवण त्यांचेच असे. आज बागायतीच्या मधून वाहणाऱ्या कित्येक ओढ्यांत दगड उलटून पाहिला तर खाली काही सापडत नाही. ह्याची कारणे एक नाहीत. वाळू उपसली, कूपनलिकांनी ओढे डिसेंबरातच आटू लागले, कीटकनाशके आली. काही महाभाग तर बांधावरील बिळांत विषारी औषध ओततात. ह्या साऱ्यांचा दोष मोठा आहे. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते जड धातूंविषयी. कारण बहुतेक कीटकनाशके केव्हा ना केव्हा ऊन, पाणी व जंतू ह्यांच्या योगाने विघटन पावतात, धातूचे तसे होत नाही. तांबे हे तांबेच राहते, शिसे शिसेच राहते. ओढ्यात गेलेला धातू पाण्यात दिसेनासा झाला म्हणजे तो नाहीसा झाला असे नव्हे. तो गाळात बसला, अथवा कोणाच्या तरी शरीरात जाऊन राहिला.

आता खेकडा हाच साक्षीदार का, ते सांगितले पाहिजे. आपल्या रक्तात श्वासवायू वाहून नेण्याचे काम लोहयुक्त द्रव्य करते, म्हणून रक्त तांबडे. खेकडा व झिंगा ह्यांच्या रक्तात ते काम तांब्याने युक्त अशा द्रव्याकडे आहे. त्यास हिमोसायनिन म्हणतात, व श्वासवायूशी संयोग झाला म्हणजे त्यास निळसर छटा येते. सबब तांबे हे खेकड्यास विष तर आहेच, पण त्यावाचून त्याचे एक क्षणही चालत नाही. अन्नातून व पाण्यातून तो तांबे घेतो, हवे तेवढे वापरतो, आणि अधिक झालेले पाठीच्या कवचाखाली असणाऱ्या पिवळट तपकिरी ग्रंथीत साठवून ठेवतो. ही ग्रंथी म्हणजे त्याचे यकृत व पाचकग्रंथी एकत्रच. तेथे विशिष्ट प्रथिनांशी धातू बांधला जातो, त्याचे सूक्ष्म कण होतात, आणि काही काळ त्याचा उपद्रव टळतो. सावकाराच्या वहीप्रमाणे हा हिशेब वाढत जातो. तांबे व जस्त ह्यांच्या बाबतीत ही व्यवस्था बऱ्याच मर्यादेपर्यंत चालते, कारण ते धातू त्याच्या ओळखीचे आहेत. कॅडमियम व शिसे ह्यांचा मात्र त्याच्या शरीरास काही उपयोग नाही. तरी ते आत शिरतात, आणि त्यांस बाहेर काढण्याची नीटशी वाट त्याच्यापाशी नाही.

ते शिरतात कसे, हे पाहण्यासारखे आहे. खेकड्याचे कवच वाढत नाही. वाढावयाचे तर जुने कवच टाकून नवे करावे लागते. नव्या कवचास चुना हवा. समुद्रात चुन्याची वाण नाही, गोड्या पाण्यात ती आहे. म्हणून गोड्या पाण्यातील खेकडा कात टाकल्यावर कल्ल्यांवाटे पाण्यातील चुन्याचा अंश मोठ्या आतुरतेने शोषून घेतो. कॅडमियमचे कण आकाराने व विद्युद्भाराने चुन्यातील कॅल्शियमच्या कणांसारखेच असल्यामुळे त्याच दाराने आत येतात. मऊ अंगाचा, भुकेला, बिळात दडून बसलेला खेकडा ह्या वेळी सर्वांत दुबळा असतो. तांबे अतिरिक्त झाले तर कल्ल्यांवरील क्षार राखण्याची क्रिया बंद पडते. गोड्या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या अंगातील मीठ बाहेर झिरपून तो मरतो. मरण उघड दिसले नाही तरी अन्न कमी खाणे, वाढ खुंटणे, अंडी कमी होणे हे चालूच असते.

येथे पाण्याच्या जातीचाही प्रश्न आहे. पाणी जड, म्हणजे चुनखडीयुक्त असेल, तर चुना धातूशी स्पर्धा करून त्याचा मारा सौम्य करतो. पाणी मृदू असेल तर तेवढ्याच तांब्याने अधिक नाश होतो. देशावरील काळ्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी बहुधा जड. कोकणातील जांभ्या दगडातून झिरपणारे पाणी मृदू. म्हणजे ज्या भागात सुपारीच्या बागांवर पावसाळ्याच्या तोंडी मोरचुदाचे मिश्रण फवारावेच लागते, त्याच भागातील व्हाळांचे पाणी धातूपुढे दुबळे आहे. डॅफ्निया नावाचा पिसवेएवढा पाण्यातला जीव खेकड्याच्याच दूरच्या कुळातला. विषाची परीक्षा करावयास प्रयोगशाळा त्याचा उपयोग करतात. मृदू पाण्यात लिटरमागे काही शतांश मिलिग्रॅम तांबे असले तरी ह्या जीवांपैकी निम्मे ४८ तासांत निश्चल होतात. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. अर्थात माणसास पिण्यायोग्य ठरलेले पाणी ह्या जिवास मारक असू शकते. थोर खेकडा ह्याच्या कित्येक पट तांबे सोसतो, पण त्याची पिले तितके सोसत नाहीत, आणि ती पिले ज्या बारीक जिवांवर वाढतात ते तर मुळीच सोसत नाहीत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. समुद्रातील खेकड्याची पिले अतिसूक्ष्म रूपाने लाटांबरोबर दूरवर पसरतात. ओढ्यातील खेकड्याचे तसे नाही. मादी अंडी पोटाखाली बाळगते, आणि अंड्यातून एकदम लहानसा पुरा खेकडाच बाहेर पडतो. काही दिवस तो आईच्या पोटाखालीच राहतो. पाण्याबरोबर दुरून येणारी बीजे येथे नाहीत. एखादा ओढा खेकड्यांपासून रिता झाला तर तो पुन्हा भरावयास शेजारच्या ओढ्यातून कोणी पायी चालत यावे लागते. आणि शेजारचा ओढाही आपल्याच बागांतून वाहत असतो.

आता आपल्या घरच्या हिशेबाकडे वळू. मोरचुदाची व आपली ओळख जुनी. फ्रान्स देशातील बोर्डो प्रांतात रस्त्याच्या कडेच्या द्राक्षवेलींवर, वाटसरूंनी घड चोरू नयेत म्हणून मोरचूद व चुना शिंपडीत. तेवढ्याच वेलींवर केवडा पडला नाही, हे प्राध्यापक मिलार्दे ह्यांच्या ध्यानात आले व १८८५ साली त्यांनी हे मिश्रण प्रसिद्ध केले. तेव्हापासून नाशिक-सांगलीची द्राक्षे, सोलापूरकडील डाळिंब, नागपूरकडील संत्री, सिंधुदुर्गातील सुपारी ह्या सर्वांवर त्याचे उपकार आहेत. ते बंद करा असे आम्ही म्हणणार नाही; कोळेरोगाने झडलेल्या सुपाऱ्यांचा सडा ज्याने पाहिला आहे तो तसे म्हणणारच नाही. परंतु त्याचे वजन आपण कधी केले आहे काय?

एक टक्का मिश्रणात १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना पडतो. मोरचुदात शुद्ध तांबे सुमारे चतुर्थांश, म्हणजे १०० लिटरांत २५० ग्रॅम. भर बहरातील द्राक्षबागेस हेक्टरी १,००० लिटर फवारले तर एका फवारणीत अडीच किलो तांबे जमिनीच्या वाट्यास आले. युरोपीय संघाने २०१९ पासून आपल्या शेतकऱ्यांस सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची, म्हणजे सरासरी वर्षास ४ किलोंची मर्यादा घातली. कारण तेथील जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत शतकभराचे तांबे साचले आहे व ते जाता जात नाही. आपल्या द्राक्षांचे मोठे गिऱ्हाईक तेच लोक आहेत, हे सांगावयास नकोच.

मातीत गेलेले तांबे बहुतांशी तेथेच धरून राहते, ओढ्यास ते हळूहळू पोहोचते. ओढ्याचा घात होतो तो फवारणीनंतरच्या अर्ध्या तासात. पंप कोठे धुतला जातो? ओढ्यावर. उरलेले मिश्रण कोठे ओतले जाते? तेही तेथेच. समजा टाकीच्या तळाशी पाच लिटर मिश्रण उरले. त्यात साडेबारा ग्रॅम तांबे झाले. ते पिण्याच्या पाण्याच्या उपरोक्त मर्यादेइतके विरळ करावयाचे तर अडीच लाख लिटर पाणी लागेल. वैशाखातल्या डोहात एवढे पाणी असते काय, हे ज्याचे त्याने आपल्या ओढ्यावर जाऊन पाहावे.

ह्यावर कोणी जाणकार म्हणेल की, चांगल्या मिश्रणातील तांबे चुन्याशी बद्ध होऊन न विरघळणाऱ्या कणांच्या रूपात असते, ते तळाशी बसेल, पाण्यात मोकळे राहणार नाही. हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच आम्हांस एक जुनी परीक्षा आठवते. मिश्रणात लोखंडी विळ्याचे स्वच्छ पाते क्षणभर बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. ही परीक्षा आपण पाने करपू नयेत म्हणून शिकलो. पात्यावर चढते ते मोकळे तांबे. आणि कल्ल्यांस झोंबते तेही तेच. हल्ली तयार पुड्या विकत मिळू लागल्यापासून पाते बुडविण्याची सवय गेली आहे. राहिले तळाशी बसलेल्या कणांचे. खेकडा हा तळाचाच रहिवासी. कुजका पालापाचोळा व गाळ हेच त्याचे ताट. पाण्यावाटे चुकले ते अन्नावाटे त्याच्या पोटात जाते.

मोरचुदाखेरीज आणखी दोन वाटा आहेत, त्या थोडक्यात सांगतो. स्फुरदयुक्त खते ज्या खडकापासून होतात त्यात कॅडमियमचा अंश कमीअधिक असतो; युरोपात जुलै २०२२ पासून स्फुरदाच्या दर किलोस ६० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरी वाट शहरी कचऱ्याच्या खताची. आपल्या खत नियंत्रण आदेशात अशा खतास किलोमागे कॅडमियम ५, शिसे १०० व तांबे ३०० मिलिग्रॅम ह्या कमाल मर्यादा घातल्या आहेत. स्वस्त मिळते म्हणून गाडीभर आणून टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी तपासणीचा कागद मागितला आहे, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

हे वाचून काही सभासद रागावतील. नदीच्या वरच्या अंगास शहर आहे, कारखाने आहेत, धातूवर मुलामा चढविण्याच्या भट्ट्या आहेत. त्यांचे सांडपाणी आमच्या पंपात येते, आणि तुम्ही आम्हांसच टाकी कोठे धुता म्हणून विचारता! राग रास्त आहे. शहराखालच्या नदीत येणाऱ्या धातूंपुढे आपली टाकी फार लहान, हे आम्ही जाणतो. पण ही तक्रार चालवावयाची कशी? आजवरचा अनुभव असा की, अर्ज केला म्हणजे काही आठवड्यांनी कोणी येतो, बाटलीभर पाणी नेतो, आणि अहवाल येतो की पाणी मर्यादेत आहे. तो अहवाल खोटाच असतो असे नव्हे. ज्या रात्री घाण पाणी सोडले ती रात्र बाटलीत नसते. बाटली एका क्षणाची साक्ष देते. खेकड्याची ग्रंथी व तळाचा गाळ कित्येक महिन्यांची देतात.

ही आमच्या डोक्यातील कल्पना नव्हे. स्पेन देशात सेव्हिल शहराजवळ अस्नाल्कोयार येथे खाणीच्या विषारी गाळाचा बंधारा २५ एप्रिल १९९८ रोजी फुटला. कित्येक लक्ष घनमीटर आम्लयुक्त पाणी व गाळ ग्वादियामार नदीत लोटला. जस्त, शिसे, तांबे, आर्सेनिक, कॅडमियम असे सारे त्यात होते. काठची चार हजार हेक्टरांहून अधिक जमीन, तीत उभी पिके, त्याखाली गेली. यंत्रांनी गाळ खरवडून काढला तरी शेती पुन्हा झाली नाही. सरकारने जमीन ताब्यात घेतली व २००३ साली तो पट्टा संरक्षित प्रदेश म्हणून जाहीर झाला. नदी कितपत निवळली हे पाहावयास तेथील शास्त्रज्ञांनी पाण्याच्या बाटल्यांवरच भिस्त ठेविली नाही. क्रेफिश नावाचा, खेकडा व झिंगा ह्यांच्याच वर्गातला प्राणी १९७० नंतरच्या दशकात तेथील भातखाचरांच्या दलदलीत बाहेरून आणून सोडलेला होता. त्याच्या शरीरातील धातू मोजून त्यांनी जागोजागचा हिशेब मांडला, आणि गाळ गेलेल्या भागांतील प्राण्यांत तो चढा निघाला. उपऱ्या प्राण्याने तेथे जे काम केले ते आपल्या येथे घरच्या खेकड्याने का करू नये? दख्खनच्या खेकड्याची एक जात १८३६ सालीच शास्त्रीय नाव पावली आहे, आणि महाराष्ट्रातील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांत तिच्यावर जड धातूंचे प्रयोगही पुष्कळ झाले आहेत. दुःख एवढेच की ते प्रबंध इंग्रजीत लिहिले गेले, पदव्या मिळाल्या, आणि ज्या ओढ्यातून खेकडा धरून नेला त्या ओढ्याच्या मालकास कोणी काही कळविले नाही.

खाणाऱ्यांसाठी एक शब्द. शिजविल्याने धातू नष्ट होत नाही. मांसापेक्षा कवचाखालील पिवळ्या गरात तो फार अधिक असतो; युरोपीय संघाची खेकड्यातील कॅडमियमची मर्यादा केवळ पांढऱ्या मांसापुरती आहे, आणि तपकिरी गराविषयी तेथे २०११ साली लोकांस स्वतंत्र सावधगिरीची सूचना द्यावी लागली. ती समुद्रातील खेकड्याची गोष्ट, पण शरीररचना एकच. आपल्याकडे तर गर चवीने खातात व नांग्या-पाय वाटून रस काढतात. डोंगराकडून येणाऱ्या स्वच्छ पऱ्यातील खेकडा सुखाने खावा. शहराच्या नाल्याखालचा खाणे असेलच तर निदान गर काढून टाकावा, आणि लहान मुलांस देऊ नये. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात गेले म्हणजे दहा-वीस वर्षे तेथेच राहते. जपानात जिंझू नदीकाठी भातशेतास खाणीकडून येणारे पाणी दिले गेले, तांदळावाटे ते माणसांच्या हाडांपर्यंत पोहोचले, आणि १९६८ साली सरकारने ते मान्य करीपर्यंत शेतकरी कुटुंबांतील बायका कण्हत होत्या.

आमचे मागणे असे आहे. मिश्रण लागेल तेवढेच करावे. उरलेले व टाकी धुतलेले पाणी बागेतच, ओढ्यापासून दूर, झाडांच्या ओळींत फिरवून जिरवावे. ओढ्याच्या काठची चार हात रुंदीची गवताची पट्टी नांगरू नये. पावसाबरोबर वाहणारी माती ती अडवते. पाते बुडविल्यावाचून मिश्रण पंपात भरू नये. मोरचुदाच्या फवारण्यांची नोंद, किलो व तारखेसह, कीर्दीत ठेवावी. हे सारे बिनखर्ची आहे. आपले हात असे धुतलेले असले म्हणजे वरच्या कारखान्याकडे बोट दाखविताना ते थरथरणार नाही.

त्यापुढचे काम एकट्याचे नव्हे. सांडपाण्याविषयीच्या प्रत्येक तक्रारीत पाण्याबरोबर तळाचा गाळ व खेकड्याची ग्रंथी ह्यांचीही तपासणी व्हावी, आणि तुलनेसाठी त्याच खोऱ्यातील वरच्या, अबाधित ओढ्यातील खेकडे घ्यावेत, अशी मागणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करण्याचा ठराव आम्ही मंडळाच्या येत्या वार्षिक सभेपुढे आणीत आहोत. त्यासाठी आधारास माहिती हवी. ज्या सभासदांच्या जमिनीतून ओढा वाहतो त्यांनी मृगानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात एके रात्री शंभर पावले काठाने चालून किती खेकडे दिसले ते मोजावे, आणि ओढ्याचे नाव, वरच्या अंगास काय आहे, व स्वतःच्या बागेत गेल्या वर्षी किती मोरचूद पडला, हे एका कार्डावर लिहून कचेरीकडे पाठवावे. एकही खेकडा दिसला नाही, तर तेही कळवावे.